आपण जिंकलो, ते हरले

आयपीएलच्या २०२२ च्या मोसमात मुंबई इंडियन्सने पहिले आठ सामने ओळीने गमावले. मोसम संपला तेव्हा दहा संघांच्या गुणतक्त्यात हा संघ तळाला होता. चौदा सामने, चार विजय, आठ गुण. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच ओळ पुन्हा छापता आली असती : चौदा सामने, चार विजय, आठ गुण, दहावा क्रमांक. आकड्यांत काडीचाही फरक नाही.

चाहत्यांच्या वागण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. मोसमातला पहिला सामना हरण्याची मुंबई इंडियन्सची खोड जुनी. तिच्यावरून 'पहिली मॅच देवाला' असा वाक्प्रचारच आपल्याकडे रूढ झाला आहे. २०२२ मध्ये बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये मी त्याची वाढीव आवृत्ती ऐकत असे : दुसरीही देवाला, तिसरीही देवाला, आता देवालाच बॅटिंगला पाठवा. लोक वैतागले होते, पण वैतागताना हसत होते. २०२४ मध्ये हे हसू आटले. १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थान रॉयल्सविरुद्धच्या सामन्यात हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी आला, तेव्हा वानखेडेवरच्या घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. नाणेफेकीचे सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. त्याच मोसमात विराट कोहलीने, म्हणजे प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूने, मुंबईच्या प्रेक्षकांना हाताने खूण करून हे थांबवायला सांगितले.

पराभव तेवढाच असताना चीड इतकी वेगळी का? हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. ज्या संघावर आपण जीव लावतो तो नेमका कोणाचा असतो, आणि तो बिघडला तर आपण काय करू शकतो, असा तो प्रश्न आहे. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचे उत्तर जसे बोरिवलीत शोधावेसे वाटते, तसेच अंधेरीतल्या एका फुटबॉलच्या मैदानात आणि जुहूहून अमेरिकेत गेलेल्या एका मराठी आडनावाच्या संघमालकाच्या गोष्टीतही.

सर्वनामांची साक्ष

चाहत्यांच्या मनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला त्यात एका साध्या निरीक्षणाचा वाटा मोठा आहे. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत सोमवारी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अंगावरचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. मग त्यांनी दूरध्वनीवरून विद्यार्थ्यांना सामन्याचे वर्णन करायला सांगितले. संघ जिंकला असेल तर उत्तरात प्रथमपुरुष अधिक येई, हरला असेल तर तृतीयपुरुष डोके वर काढी. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात स्वतःला उजळून घेण्याच्या या वृत्तीला त्यांनी नाव दिले. पुढे १९८६ मध्ये सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी तिची दुसरी बाजू मांडली : अपयशाची सावली अंगावर पडू नये म्हणून चार पावले दूर सरकण्याची वृत्ती.

इंग्रजीत हा खेळ दोनच सर्वनामांत चालतो. मराठीत त्याला एक पदर जास्त आहे, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. मुंबई जिंकली की गाडीतला अनोळखी माणूसही 'काल आपण जिंकलो' असे म्हणतो. तेवढ्या एका शब्दाने तो मला, तिसऱ्या सीटवरच्या काकांना आणि मैदानावरच्या अकरा जणांना एका घरात घेतो. हरल्यावर हेच घर मोडते. 'काय खेळतात हे! ह्यांना जमतच नाही.' 'आपण'चे 'हे' आणि 'हे'चे 'ते' व्हायला एक षटक पुरते.

गेल्या काही मोसमांत मी या सर्वनामांकडे कान लावून बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. २०२२ मध्ये 'ते' म्हणजे खेळाडू होते : त्यांनी झेल सोडला, त्यांनी शेवटच्या षटकात माती खाल्ली. २०२४ मध्ये 'ते' बदलले. 'त्यांनी रोहितला काढला' या वाक्यातले 'ते' मैदानावर दिसत नव्हते. ते संघाचे मालक आणि चालक होते. आणि या वाक्यात 'आपण' कुठे आहोत, हे चाहत्याला पहिल्यांदाच कळत नव्हते.

अपेक्षाभंगाचे मोजमाप

चिडीचे एक कारण अपेक्षा हे आहेच. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०११ मधील अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे, आणि तो वाचून खेळाच्या वेडाकडे कौतुकाने पाहणे अवघड होते. त्यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल आणि पोलिसांकडच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी शेजारी ठेवल्या. सामना कोण जिंकेल याचा अंदाज त्यांनी सट्टेबाजारातील भावांवरून घेतला. घरचा संघ सहज जिंकेल अशी अपेक्षा असताना हरला, तर पुरुषांनी घरात पत्नीवर किंवा जोडीदारावर केलेल्या हिंसाचारात सुमारे १० टक्के वाढ दिसली. सामना चुरशीचा होईल असा अंदाज असताना झालेल्या पराभवाचा परिणाम त्या मानाने नगण्य होता. म्हणजे माणसाला पराभवापेक्षा गृहीत धरलेला विजय हातून निसटणे अधिक चिथावते. आणि या चिथावणीची किंमत जी चुकवते, ती बहुधा सामना पाहतही नसते.

आपल्या इतिहासातही हे दिसते. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली तेव्हा मुंबईत त्यांची उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच कर्णधार इंग्लंडमध्ये ०-३ हरून आला. लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला होता. वाडेकरांच्या घरावर दगड पडले. १९७१ च्या आधी भारत इंग्लंडमध्ये हरतच असे आणि त्यासाठी कोणी दगड उचलत नसे. विजयाने अपेक्षा शिकवली, अपेक्षेने दगड. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतला, तेव्हा वानखेडेवरच्या काही प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली. सचिनइतका 'आपला' माणूस मुंबईकडे दुसरा नव्हता.

तरीही अपेक्षेने सगळे उलगडत नाही. मुंबई इंडियन्सने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली होती. त्यामुळे २०२२ मध्येही अपेक्षा आभाळालाच टेकलेल्या होत्या. तरी तेव्हा कर्णधारावर कोणी उठले नाही. २०२४ मध्ये तर मोसमाचा पहिला चेंडू पडण्याआधीच चीड तयार होती. तिचे मूळ पराभवाच्या पलीकडे शोधावे लागते.

बोरिवलीचा हक्क

रोहित शर्माचा जन्म नागपूरचा. आईवडील डोंबिवलीला छोट्याशा घरात राहत, आणि रोहित वाढला बोरिवलीत, आजी-आजोबा आणि काकांकडे. दिनेश लाड या प्रशिक्षकांनी त्याला हेरले आणि आपल्या शाळेत यायला सांगितले. तिथली फी परवडणारी नव्हती, म्हणून शिष्यवृत्तीची सोय झाली. ऑफस्पिन टाकणाऱ्या या मुलाची फलंदाजी लाड सरांच्या नजरेत नंतर भरली. ही कथा आमच्याकडे शेजारच्या इमारतीतल्या मुलाची गोष्ट सांगावी तशी सांगितली जाते.

त्याला कारण आहे. मुंबई क्रिकेटचे घर एके काळी दादर-शिवाजी पार्कच्या परिसरात होते. गेल्या दोन-तीन दशकांत ते रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकत गेले. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा, पृथ्वी शॉ विरारचा, शार्दूल ठाकूर पालघरचा. ऑफिसच्या गर्दीत किट बॅग सांभाळत आझाद मैदान गाठणारा मुलगा ही पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांची रोजची ओळख आहे. बॅग पायात आली म्हणून त्याला ओरडणारे आणि 'ये, इकडे आत ठेव' म्हणून जागा करून देणारे, दोन्ही आपणच. त्यांतला एक भारताचा कर्णधार झाला, म्हणून उपनगराला त्याच्यावर एक हक्क वाटू लागला. वानखेडे दक्षिण मुंबईत असले, तरी तिथे घोषणा देणारे घसे बरेचसे बोरिवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपरहून येतात आणि शेवटच्या गाडीच्या हिशेबाने उठतात.

१५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्या कर्णधार असेल असे जाहीर केले. पाच विजेतेपदे मिळवून देणारा कर्णधार संघात राहणार होता, पण नेता म्हणून नाही. निर्णयाला क्रिकेटचे तर्कशास्त्र नव्हते असे नाही. रोहितचे वय पस्तिशीपलीकडे गेले होते. हार्दिकने गुजरात टायटन्सला २०२२ मध्ये पहिल्याच मोसमात विजेतेपद आणि २०२३ मध्ये अंतिम फेरी गाठून दिली होती. शिवाय २०१५ मध्ये त्याला पहिली संधी देणारा संघ मुंबईच होता. आज ना उद्या बदल होणारच होता. चाहत्यांना खटकले ते हे की, ज्या गोष्टीत आपण दहा वर्षे जीव गुंतवला ती एका घोषणेने बदलली आणि आपल्याला ती बातमी म्हणून कळली. टोप्या आणि जर्सी जाळल्याच्या चित्रफिती फिरल्या. अहमदाबादेत गुजरातचे प्रेक्षक हार्दिकवर संघ सोडून गेल्याबद्दल चिडले, मुंबईत मुंबईचे प्रेक्षक तो आल्याबद्दल चिडले. एकाच माणसाने एकाच महिन्यात जाण्याचा आणि येण्याचा, दोन्हींचा दंड भरला.

सोडून जायचे कुठे?

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटे पण दूरवर पोचलेले पुस्तक लिहिले. संस्था घसरू लागली की तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असे त्याने मांडले. एक म्हणजे सोडून जाणे, दुसरी म्हणजे आत राहून आवाज उठवणे. निष्ठा या दोन्हींमध्ये उभी असते. ती माणसाला लगेच सोडू देत नाही, आणि म्हणून आवाजाला वेळ मिळतो.

हे त्याला सुचले ते नायजेरियाच्या रेल्वेवरून. तिथे भुईमुगाची वाहतूक ट्रकांनी पळवली, तरी रेल्वे सुधारेना. एरवी स्पर्धेने सुधारणा व्हायला हवी. हर्शमनचे उत्तर असे की, सर्वांत जास्त जाच होणारे आणि म्हणून सर्वांत जास्त ओरडू शकणारे ग्राहक ट्रककडे निघून गेले. मागे ओरडणारा कोणी उरला नाही आणि सरकारी तिजोरीमुळे रेल्वेला तोट्याची झळ बसली नाही. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. आपल्या लोकलला पर्याय नाही, म्हणून लोक सोडून जात नाहीत. गाडी रोज उशिरा आली की ते रुळांवर उतरतात. रेल रोको ही सोडून जाता न येणाऱ्यांची भाषा आहे.

चाहता हा या मांडणीतला सर्वांत अडचणीत सापडलेला ग्राहक. साबण आवडला नाही तर दुसरा घेता येतो. बोरिवलीचा माणूस मुंबईवर रागावून चेन्नईचा चाहता होऊ शकत नाही. झालाच तर सोसायटीत त्याला आयुष्यभर ऐकून घ्यावे लागेल. शहरात आयपीएलचा संघ एकच, म्हणजे दुसरे दुकानही नाही. सोडून जाणे असे बंद. मग आवाज? त्यालाही दार नाही. संघाच्या सर्वसाधारण सभेत तो बसत नाही, कर्णधार निवडताना त्याला मत नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनमध्ये मतदान असते, पण तेही मुख्यतः क्लबांचे आणि संघटनांचे, प्रेक्षकांचे नव्हे. उरते ते मैदान, आणि तिथे उरतो घसा. हुर्यो हा चाहत्याचा रेल रोको आहे.

आपल्याकडे दुसरा नमुना होता आणि काही प्रमाणात अजून आहे. गिरणगावातल्या आणि उपनगरांतल्या कबड्डी संघांमागे मंडळे असत. मंडळाला वर्गणी देणारा माणूस सभेत उभा राहून 'ह्या पोराला का खेळवला नाही' असे विचारू शके. उत्तर समाधानकारक मिळे असे नाही, भांडणेही होत, गटबाजी तर नेहमीची. पण प्रश्न विचारायला एक सतरंजी अंथरलेली होती आणि उत्तर द्यायला समोर एक माणूस बसलेला होता. फ्रँचायझीने खेळाडूला चांगले पैसे दिले, कबड्डीपटूला घराघरांत ओळख दिली, हे मोठेच काम आहे. मात्र या व्यवहारात वर्गणीदाराचा ग्राहक झाला, आणि सतरंजी गुंडाळली गेली.

पराभव कोणाला परवडतो?

२००८ मध्ये आयपीएलच्या आठ संघांचा लिलाव झाला. त्यांत सर्वांत मोठी बोली मुंबईची होती, ११ कोटी १९ लाख डॉलरची. तिथून पुढे स्पर्धेचे अर्थकारण असे घडत गेले की, संघाचे उत्पन्न तिकीटबारीवर फारसे अवलंबून राहिले नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये ठरली. अशा सामाईक उत्पन्नातला मोठा वाटा संघांमध्ये विभागला जातो आणि तोच त्यांच्या कमाईचा कणा आहे. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या संघाला खालच्या श्रेणीत जावे लागत नाही, कारण खालची श्रेणीच नाही. पुढच्या वर्षी पाटी कोरी.

या रचनेचे फायदे आहेत. खेळाडूंवरच्या खर्चाला सगळ्यांना सारखी मर्यादा असल्याने एकच श्रीमंत संघ वर्षानुवर्षे सगळे विकत घेऊ शकत नाही. पण तिचा एक परिणाम असाही की, पराभवाचे दुःख आणि पराभवाचा खर्च यांची फारकत होते. दुःख पूर्णपणे चाहत्याचे. खर्च मात्र कोणाचाच फारसा नाही.

जुहू ते सॅक्रामेंटो

ही फारकत किती लांबू शकते, हे बास्केटबॉलने दाखवले आहे, आणि त्या गोष्टीचा धागा मुंबईच्या उपनगरातूनच निघतो. विवेक रणदिवे जुहूत वाढले, किशोरवयातच अमेरिकेला एमआयटीत गेले, सॉफ्टवेअरच्या व्यवसायात नाव कमावले. बास्केटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. मुलीच्या शालेय वयातल्या संघाला मात्र त्यांनी शिकवले, आणि त्या दुबळ्या संघाने सगळे मैदान व्यापून दडपण आणण्याच्या डावपेचावर कशी मजल मारली, याची कथा माल्कम ग्लॅडवेल यांनी लिहून प्रसिद्ध केली.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राजधानीतला सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ सिअ‍ॅटलला हलवण्याचे घाटत होते. मध्यम आकाराच्या या शहरात तेव्हा दुसरा बडा व्यावसायिक संघ नव्हता. चाहते रस्त्यावर आले, मोहिमा काढल्या. शहराचे महापौर स्वतः माजी बास्केटबॉलपटू होते. नव्या स्टेडियमच्या खर्चातला मोठा वाटा उचलायला शहर तयार झाले. रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला आणि इतर संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले. चाहत्यांच्या आवाजाला दार उघडले, अशी ती दुर्मीळ घटना होती.

पुढे काय झाले? संघ राहिला, पण जिंकेना. डिसेंबर २०१४ मध्ये मोसमाची सुरुवात बरी झालेली असताना प्रशिक्षक मायकेल मलोन यांना काढले. पुढे याच मलोन यांनी डेन्व्हरला २०२३ चे विजेतेपद मिळवून दिले. २०१८ च्या निवडफेरीत दुसरी संधी हाती असताना किंग्जने लुका डॉन्चिचला सोडून मार्व्हिन बॅगलीला घेतले. डॉन्चिच जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला आणि सॅक्रामेंटोच्या चाहत्यांना ही निवड जखमेवरच्या खपलीसारखी झाली. २००६ नंतर ओळीने १६ मोसम हा संघ बादफेरीत पोचला नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला तो उच्चांक आहे, किंवा नीचांक म्हणा.

त्या दुष्काळातच हा संघ मुंबईत आला. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. अमेरिकेच्या या लीगचे भारतातले ते पहिले सामने. रणदिवे यांच्यासाठी ते घरी येणे होते. दोन्ही सामने किंग्ज हरले.

अखेर २०२३ मध्ये दुष्काळ संपला. विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडण्याची प्रथा त्या मोसमात सुरू झाली आणि शहर त्या झोताखाली नाचले. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हे घडले त्या माइक ब्राउन यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान एकमताने मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही काढले.

सॅक्रामेंटोचा धडा दुहेरी आहे. तिथल्या चाहत्याने संघ वाचवला, म्हणून त्याची निष्ठा मुंबईकराहून खोल. पण वाचवलेल्या संघाच्या कारभारात त्याला जागा मिळाली नाही. दार एकदाच उघडले आणि त्यानंतर मालकाच्या हौशीवर सोळा वर्षांच्या दुष्काळातली नऊ वर्षे गेली. आणीबाणीत ऐकला जाणारा आवाज रोजच्या कारभारात ऐकला जाईलच असे नाही.

अंधेरीच्या रिकाम्या खुर्च्या

इतके झाल्यावर वाटेल की चाहत्याची चीड हा संस्थेला होणारा त्रास आहे. अंधेरीत २०१८ मध्ये घडले ते याच्या उलट सांगते. १ जून रोजी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातल्या मैदानावर भारताचा फुटबॉल संघ चिनी तैपेईशी खेळला. भारताने ५-० असा विजय मिळवला, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसारित केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, आणि भर पावसात तो पाहायला लोक अंधेरी स्टेशनपासून रिक्षा शोधत गेले.

एका कर्णधाराने प्रेक्षकांना 'आम्हाला शिव्या द्यायला या' अशी विनंती करावी, हे आपल्या क्रीडाजीवनातले मोठे अर्थपूर्ण वाक्य आहे. ज्याला कोणी शिवी देत नाही तो संघ मेलेला असतो, हे छेत्रीला ठाऊक होते. मुंबईला त्याचा पुरावा नुकताच मिळाला होता. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा क्लब दहा वर्षे देशाच्या फुटबॉलमध्ये टिकून होता. पिवळ्या रंगाचे कपडे घालून ढोल बडवणारा त्याचा मूठभर निष्ठावंत गट होता. २०१६-१७ च्या मोसमात संघ आय-लीगमध्ये तळाला गेला आणि मग बंदच झाला. तिथे सोडून जाण्याची वाट मालकाने घेतली. चाहत्याच्या हाती ढोल उरला.

हुर्योचा पत्ता

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०२२ आणि २०२४ मधला फरक पराभवाच्या संख्येत नव्हता. २०२२ मध्ये 'आपण' हरत होतो, आणि घरातल्या माणसाच्या अपयशावर जसे रागावतो, हसतो, तसे लोक वागले. २०२४ मध्ये लोकांना कळले की ज्याला आपण 'आपण' म्हणतो त्यात आपली गणती नाही. ती चीड हरण्याची नव्हती, परके ठरवले जाण्याची होती.

चीड समजण्याजोगी होती, पण तिचा पत्ता चुकीचा होता. निर्णय घेणारे काचेआडच्या कक्षात होते आणि हुर्यो मात्र उघड्यावर उभ्या असलेल्या हार्दिकच्या अंगावर गेली. दाद मागायला खिडकी नसली की लोक दिसेल त्या माणसावर ओरडतात. गाडी उशिरा आली की पहिल्या शिव्या मोटरमनला पडतात, तसे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, आणि त्याच वानखेडेवर, त्याच प्रेक्षकांनी हार्दिकच्या नावाचा जयघोष केला. अनेकांनी याला लोकांचा चंचलपणा म्हटले. मला तसे वाटत नाही. भारताच्या संघात तो पुन्हा 'आपण' झाला होता, इतकेच. त्याच्यावर व्यक्ती म्हणून राग कधी नव्हताच, याचा तो पुरावा आहे. आणि म्हणूनच एप्रिलमध्ये त्याने सोसले ते अधिकच अन्यायाचे ठरते.

याच वर्षीची जर्मनीतली घटना तुलनेसाठी पाहण्याजोगी आहे. तिथल्या फुटबॉल क्लबांत, काही अपवाद वगळता, मतांचे बहुमत सदस्यांकडे राहील असा नियम आहे. लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागीदारी देण्याचे ठरवले, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार गुंडाळला. चेंडू कोणा खेळाडूला मारलेले नव्हते. चाहत्यांना काय नको आहे आणि ते कोणाला सांगायचे आहे, हे स्पष्ट होते, कारण क्लबात त्यांची स्वतःची खुर्ची होती. जिथे खुर्ची असते तिथे चिडीला पत्ता मिळतो.

आपल्याकडे लगेच असा नियम येईल असे मी म्हणत नाही. पण सुरुवात लहान गोष्टींनी होऊ शकते : चाहत्यांच्या नोंदणीकृत मंडळांशी संघचालकांची वर्षातून एक खुली बैठक, मोठ्या बदलांआधी चार शब्दांचे स्पष्टीकरण, चाहत्यांच्या एका प्रतिनिधीला सल्लागार मंडळात जागा. यातून संघ जास्त सामने जिंकेल याची हमी नाही. हरल्यावर मात्र लोक कोणावर आणि कशासाठी चिडले आहेत हे त्यांना स्वतःला उमगेल, आणि घरी परतताना ती चीड बरोबर नेण्याची गरज कमी होईल. कार्ड आणि डाल यांचा अभ्यास वाचल्यावर ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

तोवर हुर्यो होत राहील. ती ऐकताना संघमालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ओरडणारा माणूस अजून सोडून गेलेला नाही. ज्या दिवशी बोरिवलीच्या गाडीत 'काल आपण हरलो' असेही कोणी म्हणणार नाही आणि 'ते हरले' असेही, त्या दिवशी काळजी करावी.